टॅपेट वाजतायत, आधी बाबांना ऐकव

मिशिगनमधून, ट्रॉयजवळ राहणाऱ्या २७ वर्षांच्या एका मुलाचं पत्र आलंय. नाव छापू नका म्हणालाय. पत्र बरंच मोठं होतं, कामापुरतं देते.

"ताई, मी मूळचा सांगलीचा. एमएस करून दीड वर्ष झालं नोकरीला, ओपीटीवर (शिक्षणानंतर मिळणारी मुदतीची नोकरीची परवानगी) आहे. ऑगस्टमध्ये मित्रांबरोबर वुडवर्ड ड्रीम क्रूझ (जुन्या गाड्यांची मिरवणूक) बघायला गेलो आणि पुढच्याच आठवड्यात २०१२ ची शेव्हरोले कॅमेरो एसएस घेतली, ऑटोमॅटिक, काळी, ८१,००० मैल झालेली, १७,८०० डॉलर. ३,००० रोख दिले, बाकी १४,८०० चं लोन, क्रेडिट हिस्टरी नाही म्हणून १३.९ टक्क्यांनी, ५ वर्षांचं. इन्शुरन्स महिना ३१० डॉलर. तीन महिन्यांत वॉटर पंप गेला, चार ऑल-सीझन टायर घ्यावे लागले, आणि आता दोन आठवडे इंजिनमधून टकटक आवाज येतोय, गाडी थरथरते, चेक इंजिनचा दिवा मधूनच लुकलुकतो. डीलर म्हणतो लिफ्टर गेले, ७,२०० डॉलर. आहे तशी विकायला गेलो तर ८,५०० ला मागतात. लोन अजून १४,३०० बाकी. ऑफिसमधला एक जण म्हणतो बिघाडाचे कोड क्लिअर कर, जाड ऑइल टाक आणि लांबच्या एखाद्या डीलरकडे ट्रेड-इन करून (ही देऊन दुसरी घेऊन) मोकळा हो. एज्युकेशन लोनचे ११ लाख आहेत अजून. मे महिन्यात आई-बाबा पहिल्यांदाच येतायत. बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. गाडी घेतली एवढंच त्यांना सांगितलंय, कुठली ते नाही. विकू की दुरुस्त करू? झोप लागत नाही."

अरे, सगळ्यात आधी आजच्या आज ती गाडी उभी कर. चेक इंजिनचा दिवा नुसता लागून राहिला तर एक वेळ चालतं पण तो लुकलुकायला लागला याचा अर्थ एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल जळतच नाहीये आणि ते न जळलेलं पेट्रोल थेट कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे धूर साफ करणाऱ्या भागात, जातंय, तो तापून तापून खलास होतो, आणि मग आत्ताच्या खर्चावर आणखी हजार-दीड हजाराची भर. शिवाय लिफ्टर (व्हॉल्व्ह ढकलणारा भाग) खरंच गेला असेल तर प्रत्येक मैलाला तो कॅमशाफ्ट (त्याला उचलणारा उंचवट्यांचा दांडा) खरवडतोय. ऑफिसला कुणाबरोबर तरी जा, पेट्रोलचे अर्धे पैसे दे, स्मार्टची (इथल्या बससेवेची) बस मिळत असेल तर ती घे. महिनाभर हाल होतील, होऊ देत.

आता तुझ्याशी नीट बोलते.

मी या भागात वीस वर्षं इंजिन टेस्टिंगमध्ये काढली आहेत. ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी फर्नडेलपासून पाँटिअ‍ॅकपर्यंत वुडवर्डवर ज्या गाड्या निघतात, खुर्च्या टाकून बसलेली आजोबा-आजी मंडळी, व्ही-८ चा तो छातीत वाजणारा आवाज, ते बघून सांगलीच्या पोराला गाडी घ्यावीशी वाटली यात काय चुकलं? तू काही मूर्खपणा केलेला नाहीस. ज्या गाडीच्या आवाजासाठी माणसं अर्धा दिवस रस्त्याच्या कडेला बसतात ती आपल्याही दारात असावी असं वाटणं अगदी साधं आहे. मुळात तू ज्या घरात वाढलास तिथे संध्याकाळी बाबांच्या हाताला ग्रीसचा वास येत असणार, तुला इंजिन आवडणारच. चुकलं ते एवढंच की घाई केलीस, आणि घरात एकच गाडी असताना बारा-तेरा वर्षं जुनी, चारशे हॉर्सपॉवरची, आधीच्या मालकाने कशी चालवली ते माहीत नसलेली गाडी ती एकमेव गाडी म्हणून घेतलीस. घरात दुसरी गाडी असेल तर अशी गाडी चार दिवस गॅरेजमध्ये पडली तरी माणसाला फरक पडत नाही, पण तुझी नोकरी तिच्या चाकांवर अवलंबून आहे म्हणून प्रत्येक टकटकीला तुझ्या पोटात गोळा येतो. झोप उडालीये ती यामुळे.

तुझ्या गाडीबद्दल थोडं सांगते कारण हे तुला विकणाऱ्याने सांगितलं नसणार. कॅमेरो २००२ ला बंद झाली होती ती २००९ मध्ये २०१० चं मॉडेल म्हणून परत आली. अमेरिकन म्हणतो खरं आपण, पण तिचा सांगाडा ऑस्ट्रेलियात होल्डन कंपनीच्या लोकांनी उभा केला आणि गाड्या जोडल्या कॅनडातल्या ओशावाला, तुझ्या व्हीआयएनचा (गाडीच्या ओळख क्रमांकाचा) पहिला आकडा बघ, २ असेल, तो कॅनडाचा. एसएसमध्ये ६.२ लिटरची दोन इंजिनं येत होती. मॅन्युअल गिअरला एलएस३, ४२६ हॉर्सपॉवर. ऑटोमॅटिकला एल९९, ४०० हॉर्सपॉवर. दिसायला भावंडंच, पण एल९९ मध्ये पेट्रोल वाचवायला एक जास्तीची यंत्रणा आहे, अ‍ॅक्टिव्ह फ्युएल मॅनेजमेंट, सगळे एएफएम म्हणतात. हायवेवर एका लयीत चाललास की आठपैकी चार सिलेंडर झोपतात. कसे, तर त्या चार सिलेंडरचे टॅपेट वेगळे असतात (लिफ्टर म्हणजे आपला हायड्रॉलिक टॅपेटच रे), त्यांच्या पोटात छोट्या पिना असतात, ऑइलचं प्रेशर आलं की पिना आत जातात, टॅपेट दबतो, व्हॉल्व्ह उघडतच नाही. परत ताकद हवी झाली की पिना बाहेर आणि टॅपेट पुन्हा ताठ. दिवसातून कितीतरी वेळा हे चालू असतं.

आता विचार कर, हा सगळा खेळ ऑइलवर. ऑइल वेळेवर बदललं नाही, पातळी कमी राहिली, की पिना अडकायला लागतात, टॅपेट दबला तो दबलेलाच राहतो, मग टकटक, मग मिसफायर (सिलेंडरमध्ये पेट्रोल न जळणं), आणि त्याच्या खालचा रोलर बिघडला की कॅमचा उंचवटा खाल्ला जातो. हे दुखणं याच कंपनीच्या व्ही-८ पिकअप ट्रकवाल्यांना पण चांगलं माहीत आहे. मॅन्युअलच्या एलएस३ मध्ये ही भानगड नाही, म्हणून जुनी एसएस शोधणारे जाणकार लोक मॅन्युअलच्या मागे असतात.

पण म्हणून डीलर म्हणतो ते लगेच मान्य करू नकोस. मी पण इथे आले तेव्हा एक सेकंडहँड दोन दारांची गाडी घेतली होती, मागून घूंऽऽ असा आवाज यायचा, एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्स गेला म्हणून सांगितलं आणि मी मैत्रिणीकडून उसने घेऊन २,३०० डॉलर दिले, गाडी घरी आणली तर आवाज तसाच. निघालं काय, तर मागच्या चाकाचं बेअरिंग. ते पैसे परत करायला मला आठ महिने लागले आणि त्या आठ महिन्यांत मी घरी एकही गोष्ट खरी सांगितली नाही. तेव्हापासून ठरवलं, आधी निदान मग पैसे.

तर निदान असं कर. वीस-पंचवीस डॉलरचा ओबीडी रीडर (बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) घे, पार्किंगमध्ये उभ्या गाडीतच कोड वाचता येतात. पी०३०० म्हणजे नुसता मिसफायर, कुठला सिलेंडर ते ठरत नाहीये. पण पी०३०१ पासून पी०३०८ पर्यंतचा आकडा असेल तर शेवटचा अंक म्हणजे सिलेंडरचा नंबर. एएफएमचे सिलेंडर आहेत १, ४, ६ आणि ७. यातला एखादा निघाला तर लिफ्टरचा संशय पक्का होत जातो. २, ३, ५, ८ पैकी असेल तर थांब, आधी त्या सिलेंडरची इग्निशन कॉइल शेजारच्याला लाव आणि बघ मिसफायर कॉइलबरोबर सरकतो का, सरकला तर तुझं काम एका कॉइलमध्ये आटोपलं. थंड इंजिनला आवाज मोठा आणि गरम झाल्यावर गायब होत असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्ड लीक असू शकतो, तो पण असाच टकटकतो आणि अनुभवी माणूस सुद्धा फसतो. यानंतर चांगल्या गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन टेस्ट, आणि रॉकर कव्हर काढून कुठला रॉकर कमी हलतोय ते डोळ्यांनी बघणं. या तपासणीचे दोनेकशे डॉलर जातील, ते द्यायलाच हवेत.

समजा लिफ्टरच निघाले. मग काम मोठंच आहे, तिथे डीलर खोटं बोलत नाहीये. या इंजिनात लिफ्टर काढायला हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं, हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतात म्हणून नवे, गॅस्केट नवी, म्हणजे पैसे सुट्या भागांपेक्षा मजुरीचे जास्त. पण हेच काम एखादं स्वतंत्र गॅरेज, जिथे एलएस इंजिनं रोज खोलतात तिथे, माझ्या अंदाजाने साडेचार ते साडेपाच हजारात व्हायला हवं. डेट्रॉइटच्या आसपास अशी गॅरेजं गल्लोगल्ली आहेत, निम्मे लोक कधी ना कधी इंजिन प्लांटमध्ये काम केलेले. तिघांकडून लेखी कोटेशन घे आणि प्रत्येकाला तेच विचार: कुठला सिलेंडर? सोळाच्या सोळा लिफ्टर बदलणार की फक्त एका बाजूचे? कॅम बघून तो खराब निघाला तर एकूण किती? ऑइल सोडणाऱ्या सोलेनॉइडची प्लेट नवी टाकणार का? जो माणूस या प्रश्नांवर चिडेल त्याच्याकडे गाडी टाकू नकोस. एकच लिफ्टर बदलून देतो, स्वस्तात होईल असं म्हणणाऱ्याकडे तर नाहीच, बाकीचे त्याच वयाचे आहेत, सहा महिन्यांनी परत हेड खाली.

काही जण म्हणतील एएफएम कायमचं काढून टाक, वेगळा कॅम, वेगळे लिफ्टर, कॉम्प्युटरचं नवं ट्यूनिंग. गाडी दहा वर्षं ठेवणाऱ्यासाठी ते ठीक असेल, तुझ्यासाठी नाही. तू मूळचेच लिफ्टर टाक आणि ओबीडी पोर्टला लावायचा एएफएम डिसेबलर मिळतो तो लाव, इंजिन सतत आठ सिलेंडरवर चालतं, पिना आत-बाहेर होतच नाहीत. बिघडलेला लिफ्टर त्याने बरा होत नाही हे लक्षात ठेव, नव्यांना मात्र आराम मिळतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकू असं कुणी सुचवलं तर सरळ नाही म्हण, ते फेडरल कायद्याने बेकायदेशीर आहे आणि तू व्हिसावर आहेस.

आता पैशाचं. आहे तशी ८,५०० ला विकलीस तर १४,३०० फेडायला ५,८०० खिशातून घालायचे आणि हातात गाडीही नाही. डीलरचे ७,२०० देऊन दुरुस्त केलीस आणि मग साधारण १४,००० ला विकलीस तर त्याहून जास्त नुकसान. पण पाच हजाराच्या आत काम झालं तर दुरुस्ती करून विकणं फायद्याचं, आणि मधल्या काळात गाडी चालवायला मिळते ते वेगळं. म्हणजे तुझा निर्णय त्या कोटेशनच्या आकड्यात आहे. पाच-साडेपाचच्या खाली आला तर दुरुस्त कर. कॅम, ऑइल पंप सगळं मिळून सातच्या पुढे जात असेल तर काळजावर दगड ठेव आणि आहे तशी, काय बिघडलंय ते लिहून देऊन, विकून टाक.

आणि दुरुस्त केलीस तरी माझं मत आहे की एप्रिलमध्ये विक. तुला वाईट वाटेल हे वाचून, मला लिहितानाही वाटतंय. पण बघ ना, आत्ता हप्ता साधारण ३४४ डॉलर असेल, पाच वर्षांत नुसतं व्याज ५,८०० च्या आसपास जातं. वर इन्शुरन्स ३१०. मिशिगनचा इन्शुरन्स देशात महागड्यांपैकी, त्यात तू तिशीच्या आत आणि गाडी स्पोर्ट्स कूपे. हिवाळाभर झाकून ठेवतो आणि नुसता स्टोरेजचा इन्शुरन्स ठेवतो म्हणशील तर लोन असेपर्यंत बँक तसं करू देत नाही, पूर्ण कव्हर ठेवावंच लागतं. हातात शिल्लक नाही, ओपीटीची मुदत डोक्यावर, घरी ११ लाखाचं कर्ज. यातली एक गोष्ट घसरली की गाडी तुला खाली ओढेल. थंडी सरली की इथल्या लोकांना कूपे दिसायला लागतात, एप्रिल-मेमध्ये गिऱ्हाईक चांगलं मिळतं. लोन आहे म्हणून टायटलवर (मालकीच्या कागदावर) बँकेचं नाव असेल, तेव्हा सौदा बँकेच्या शाखेतच बसून कर, घेणाऱ्यालाही खात्री वाटते. मग त्या जागी एखादी दहा वर्षांची कोरोला किंवा सिव्हिक घे, रोख. कर्ज फिटल्यावर परत ये या गाडीकडे, या वेळी मॅन्युअल एलएस३ शोध, आणि दुसरी गाडी म्हणून घे. कॅमेरोचं उत्पादन डिसेंबर २०२३ मध्ये इथेच लान्सिंगला थांबलं, पण जुन्या बऱ्याच आहेत, कुठे पळून जात नाहीत.

ऑफिसातल्या मित्राचा सल्ला. नको. ते जाड ऑइल, क्लिअर केलेले कोड, हेच बहुतेक तुझ्याशी केलं गेलंय, तुझ्या लक्षात आलं का? चालत्या गाडीचे लिफ्टर बऱ्याचदा एकदम जात नाहीत, आधी कुरकुर करत असतात. तुझ्याच्याने दुसऱ्याला ते करवणार नाही, करवलं असतं तर तू मला पत्र लिहिलं नसतंस. आणि तसंही हल्ली घेणारा रीडर लावतो, कोड नुकतेच पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दिसतात, त्यावरून लगेच कळतं. हे तू पण पुढच्या वेळी बघ. विकणाऱ्यावर दावा लावता येईल का असं तू शेवटी विचारलंयस. काचेवरच्या बायर्स गाइडच्या कागदावर 'अ‍ॅज इज' (आहे तशी, वॉरंटीशिवाय) ला खूण असेल तर फार आशा ठेवू नकोस, आणि इथला लेमन लॉ (सदोष गाड्यांबद्दलचा कायदा) नव्या, कंपनीच्या वॉरंटीत असलेल्या गाड्यांसाठी आहे. कागद मात्र सगळे जपून ठेव.

एक गोष्ट राहिली आणि ती पैशापेक्षा महत्त्वाची. तुझी किल्ली खिशातून काढून बघ. बटण दाबलं की पातं बाहेर येणारी घडीची किल्ली आहे का? जून २०१४ मध्ये २०१० ते २०१४ च्या कॅमेरोंचा रिकॉल निघाला होता, पाच लाखांवर गाड्या होत्या, ड्रायव्हरचा गुडघा किल्लीला लागून चालू गाडी बंद पडू शकत होती, आणि इंजिन बंद पडलं की पॉवर स्टीअरिंगही जातं. उपाय म्हणून किल्लीचं पातं रिमोटपासून वेगळं करून देतात. तुझी अजून घडीचीच असेल तर ते काम झालेलंच नाही. एनएचटीएसएच्या (रस्ता सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या) साइटवर व्हीआयएन टाक, फुकट कळतं, आणि काम डीलर फुकट करतो, तू कितवा मालक आहेस याने फरक पडत नाही. दुरुस्तीनंतर रस्त्यावर आणण्याआधी हे करून घे.

दुरुस्त झाल्यावर हिवाळ्यात चालवशील तेव्हा: ऑल-सीझन टायर घेतलेस ते बरं केलंस, तरी मागच्या चाकांवर चालणारी जड गाडी आहे, पहिल्या बर्फात रिकाम्या पार्किंगमध्ये जरा हात बसवून घे. ऑइल ८ क्वार्ट लागतं, ५डब्ल्यू-३०, डेक्सॉस (कंपनीच्या मान्यतेचा) मार्क असलेलंच, दर ५,००० मैलांना बदल आणि पावत्या एका पाकिटात ठेव. दर दुसऱ्यांदा पेट्रोल भरताना डिपस्टिक काढून बघ. रस्त्यावरचं मीठ गाडीच्या पोटाला लागतं ते दोन आठवड्यांतून एकदा खालून धुऊन काढ. डेट्रॉइटच्या जमिनीखालीच मिठाची मोठी खाण आहे, इथे मिठाला तोटा नाही.

आणि आता बाबा.

एसटीच्या वर्कशॉपमध्ये ज्याने आयुष्य काढलं त्या माणसाला तू टॅपेटचा आवाज येणारं इंजिन लपवून ठेवतोयस. लेका, अख्ख्या मिशिगनमध्ये तुला जो सल्लागार मिळणार नाही तो सांगलीत बसलाय. ते रागावतील म्हणून घाबरतोयस ना? रागावतील बहुतेक. किंमत ऐकून पाच मिनिटं गप्प होतील, मग आई फोन घेईल. पण नंतर रात्री परत त्यांचाच फोन येईल, आवाज गाडी थंड असताना जास्त येतो का गरम झाल्यावर, आरपीएम वाढवला की वाढतो का तसाच राहतो, ऑइल कधी बदललंय. मी अशी बरीच वडील माणसं बघितली आहेत. त्यांना मुलगा चुकल्याचं दुःख थोडं असतं आणि आपल्याला विचारलं नाही याचं फार असतं. मे महिन्यात ते येतील तेव्हा पार्किंगमध्ये काय उभं असेल, कॅमेरो की कोरोला, ते तोपर्यंत ठरलेलं असेल. पण ते ठरवताना त्यांना बरोबर घे.

उद्या शनिवार आहे, तुझी सकाळ म्हणजे त्यांची संध्याकाळ, चहा झालेला असेल. व्हिडिओ कॉल लाव. इंजिन रात्रभर थंड राहू दे, बॉनेट आधीच उघडून ठेव, मगच चालू कर आणि अर्ध्या मिनिटाच्या वर चालू ठेवू नकोस. फोन आधी ड्रायव्हरच्या बाजूच्या रॉकर कव्हरजवळ धर, मग दुसऱ्या बाजूला, पंख्यापासून लांब, आणि मध्ये बोलू नकोस, त्यांना नीट ऐकू दे.